एक वर्ष, अठरा इंजेक्शने : प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या साधारण सहा-सात जणींपैकी एकीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘हर-टू पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते. हे पुस्तक तिच्यासाठी आहे. तिची फाईल सांभाळत ओपीडीच्या रांगेत उभे राहणारे नवरा, मुलगी, जाऊ, भाऊ यांच्यासाठीही आहे. डॉक्टर तिला सांगतात, केमोबरोबर आणखी एक औषध सुरू करायचे आहे, ते दर तीन आठवड्यांनी वर्षभर घ्यावे लागेल. औषधाचे नाव ट्रास्टुझुमॅब. हे नाव जिभेवर रुळायच्या आधीच त्याची किंमत कानावर पडते, संमतिपत्रावर सही होते आणि पहिली तारीख ठरते.

त्या तारखेआधी घरी बसून निवांत वाचता येईल असे काहीतरी मराठीत तिच्या हाताशी असावे, म्हणून हे लिहिले. या सगळ्या पानांमागे एकच धारणा आहे : रुग्णाजवळची माहिती हा उपचाराचाच भाग आहे. हे औषध वर्षभर, वेळेवर आणि सुरक्षितपणे शरीरात जायचे असेल तर ज्या गोष्टींकडे लक्ष असावे लागते, त्यातल्या कित्येक फक्त रुग्णाला आणि तिच्या घरच्यांनाच दिसतात. जिना चढताना या महिन्यात नव्याने लागू लागलेला दम डॉक्टरांना केबिनमध्ये बसून दिसत नाही. औषधाची बाटली दुकानातून वॉर्डापर्यंत बर्फात आली की उन्हात, हे नर्सला माहीत नसते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत हे रुग्णाला कोणी सांगितलेलेच नसेल, तर ती त्या बोलून तरी कशी दाखवणार?

आधी हे औषध काय आहे ते पाहू. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचे एक प्रथिन असते. वाढीचा संदेश पेशीच्या आत पोचवणे हे त्याचे काम. निरोगी पेशीवर ते बेताचेच असते. काही कर्करोगांत मात्र या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती वाढतात आणि पेशीवर त्याची गर्दी होते. एखाद्या घराच्या दाराला एका घंटेऐवजी शेकडो घंटा लागाव्यात आणि त्या कोणी न दाबताच वाजत राहाव्यात, तशी त्या पेशीची अवस्था होते. वाढ, वाढ, एवढाच निरोप तिला मिळत राहतो. ट्रास्टुझुमॅब ही प्रयोगशाळेत तयार केलेली अँटीबॉडी बाहेरून येऊन नेमकी याच प्रथिनाला चिकटते. त्यामुळे वाढीचा संदेश मंदावतो. शिवाय अशी चिकटलेली पेशी शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना ओळखू येते आणि त्या तिच्यावर हल्ला करतात.

म्हणजे हे औषध केमोथेरपी नव्हे. वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर केमो घाव घालते, म्हणून केस जातात, तोंड येते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. ट्रास्टुझुमॅबने सहसा केस जात नाहीत. बहुतेक जणींना सुरुवातीचे काही महिने केमो आणि हे इंजेक्शन बरोबर मिळते, आणि केमो संपल्यावर उरलेले महिने एकटे इंजेक्शन चालू राहते. याच सुमारास केस पुन्हा येऊ लागतात, तोंडाला चव येते, बाई कामाला लागते, आणि नेमका तेव्हाच घरात विषय निघतो : ‘आता तर सगळे ठीक आहे, मग उरलेली इंजेक्शने कशाला?’ पुस्तकाचा मोठा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्च झाला आहे.

हे औषध फक्त हर-टू पॉझिटिव्ह रोगातच उपयोगी पडते, म्हणून सुरुवात रिपोर्टपासून होते. गाठीच्या तुकड्यावर रंगद्रव्याची तपासणी करून शून्य, एक, दोन किंवा तीन असा दर्जा देतात. तीन म्हणजे पॉझिटिव्ह, शून्य आणि एक म्हणजे या औषधाच्या दृष्टीने निगेटिव्ह. दोन आला तर उत्तर अधांतरी असते, आणि जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ ही पुढची तपासणी करावी लागते. ती होईपर्यंतचे दिवस घरच्यांना फार जड जातात, पण ते वाया गेलेले नसतात. तालुक्याच्या गावी बायोप्सी होते तेव्हा तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकला आहे ना, हे विचारावे. तो त्यात किमान सहा तास आणि फार तर ७२ तास राहिला, तरच पुढच्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. तपासणीनंतर मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड परत मागून जपून ठेवाव्यात. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायचे झाले तर पहिल्यांदा त्याच मागतात. पोटाच्या काही कर्करोगांतही हर-टू वाढलेले असते आणि तिथेही हे औषध देतात, त्यामुळे या पुस्तकातली बरीच माहिती पुरुष रुग्णांनाही लागू पडेल.

इथवरचा प्रवास थोडक्यात सांगायला हवा, कारण त्यात रुग्णांचा वाटा मोठा आहे. एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तितकी तयार करण्याची रीत सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी केंब्रिजमध्ये १९७५ साली शोधली. १९८४ च्या नोबेल पुरस्कारात दोघेही मानकरी होते. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ज्यांच्या गाठीत हर-टूच्या प्रती वाढलेल्या असतात त्यांचा रोग लवकर उलटतो. हे प्रथिन अडवणारी पहिली अँटीबॉडी उंदरापासून मिळालेली होती, आणि माणसाचे शरीर ती परकी म्हणून नाकारेल अशी भीती होती. जेनेन्टेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिचा बहुतेक भाग बदलून मानवी अँटीबॉडीसारखा केला आणि १९९२ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. त्याआधीच्या वर्षांत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्ण स्त्रियांनी कंपनीच्या आवारात जाऊन निदर्शने केली होती. चाचणीत ज्यांना जागा मिळत नाही पण ज्यांच्याजवळ वेळही नाही, अशांना औषध द्या, ही त्यांची मागणी होती. पुढे अशा काही जणींना चिठ्ठ्या टाकून औषध देण्यात आले, आणि रुग्ण संघटना चाचण्यांसाठी रुग्ण जमवण्याच्या कामातही उतरल्या.

सुरुवातीला हे औषध रोग शरीरात पसरल्यावरच देत. २००५ साली मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतर केमोला या औषधाची जोड दिली तर रोग उलटण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो, हे त्यांतून दिसले. एक वर्षाचा कालावधी याच चाचण्यांतून रूढ झाला. दोन वर्षे देऊन अधिक लाभ होत नाही, हे नंतर सिद्ध झाले. उलट बाजूने कमी दिवस पुरतील का, याचाही शोध झाला. ब्रिटनमधल्या पर्सेफोनी या चाचणीने २०१९ मध्ये सहा महिने आणि बारा महिने यांत फारसा फरक नसल्याचे दाखवले. फ्रान्समधल्या फेअर या चाचणीला मात्र तसे म्हणता आले नव्हते. म्हणून आजही बहुतेक ठिकाणी वर्षभराचाच बेत आखतात. हृदयाचा त्रास झाला किंवा पैशाची अडचण अगदीच मोठी असली तर कमी कालावधीचा विचार होऊ शकतो, पण तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा असतो. पुढची तारीख गुपचूप चुकवून तो घेऊ नये. ‘पैसे संपत आले आहेत’ हे वाक्य डॉक्टरांसमोर उच्चारायला लाज वाटता कामा नये. त्यांच्या दृष्टीने ती उपचाराचा बेत ठरवायला लागणारी माहितीच आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे. भारतात हे औषध बराच काळ मोजक्या घरांनाच परवडत होते. २०१२ च्या सुमारास रोश या मूळ कंपनीने पुण्याच्या एमक्युअरशी करार करून त्याची कमी किमतीची आवृत्ती आणली, तरी तीही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच होती. त्याच वर्षी देशातल्या रुग्णांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी परवडणाऱ्या ट्रास्टुझुमॅबसाठी मोहीम सुरू केली. २०१३ मध्ये रोशने भारतातले पेटंट सोडून दिले. २०१४ च्या सुरुवातीला बेंगळुरूच्या बायोकॉनने मूळ औषधाशी जुळणारे, म्हणजे बायोसिमिलर, ट्रास्टुझुमॅब बाजारात आणले. ४४० मिलिग्रॅमच्या बाटलीची छापील किंमत तेव्हा साडेसत्तावन्न हजार रुपये होती. त्यानंतर इतर कंपन्याही आल्या आणि किमती आणखी उतरल्या. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या औषधाचा समावेश केला. ‘हे स्वस्तातले औषध चालेल ना?’ असे नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात. नियामक संस्थेने तपासून मान्यता दिलेले बायोसिमिलर निर्धास्तपणे घ्यावे. प्रत्येक वेळी कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या बॅचचे औषध दिले ते तेवढे वहीत लिहून ठेवावे. पुढे काही त्रास झालाच तर त्या नोंदीचा उपयोग होतो.

शासकीय योजनांची चौकशी पहिल्या इंजेक्शनाच्या आधी करावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमध्ये मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि आधी खर्च केलेले पैसे नंतर मागायला गेले तर हाती सहसा काही लागत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन सरळ त्यांना गाठावे. वर्षभराच्या इंजेक्शनांपैकी किती योजनेत बसतील, हे तिथेच स्पष्ट विचारून घ्यावे. मोठ्या रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना धर्मादाय निधींची माहिती असते, त्यांनाही भेटावे.

इंजेक्शनाच्या दिवसाबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे ठळक गोष्टी सांगतो. मात्रा वजनावर ठरते : पहिल्या वेळी किलोमागे आठ मिलिग्रॅम, नंतर दर तीन आठवड्यांनी किलोमागे सहा. म्हणून प्रत्येक वेळी वजन करून घ्यावे. औषध सलाईनमधून शिरेत जाते, पहिल्या वेळी दीड तास आणि सोसले तर पुढे अर्धा तास. उपाशी येऊ नये, हलके खाऊन यावे. घट्ट बाह्यांचा ब्लाऊज नको. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली त्या हाताऐवजी शक्यतो दुसऱ्या हाताला सुई लावायला सांगावी. पहिल्या वेळी दहापैकी साधारण चार जणींना थंडी वाजते, ताप येतो. बहुतेकदा गोळ्या देऊन आणि सलाईनचा वेग कमी करून तो शमतो, आणि पुढच्या वेळी तसा त्रास सहसा होत नाही. मात्र छातीत आवळल्यासारखे वाटले, श्वास अडकला, ओठ सुजले किंवा अंगावर पित्त उठले तर ‘थोडे थांबून बघू’ म्हणू नये. त्याच क्षणी नर्सला हाक मारावी. पहिल्या इंजेक्शनानंतर काही तास रुग्णालयातच थांबवून ठेवतात, तेव्हा परतीच्या गाडीची घाई ठेवू नये. या औषधाचा मांडीत कातडीखाली द्यायचाही एक प्रकार आहे. त्याची मात्रा सर्वांना सारखीच, सहाशे मिलिग्रॅम, आणि तो दोन ते पाच मिनिटांत देऊन होतो. शिरेतले आणि मांडीतले औषध एकमेकांच्या जागी देता येत नाही.

नावाबद्दल एक सूचना प्रत्येकीने पाठ करावी. ट्रास्टुझुमॅब, ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन आणि ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान ही तीन वेगळी औषधे आहेत. नुसत्या ट्रास्टुझुमॅबची किलोमागे सहा मिलिग्रॅमची मात्रा एमटान्सिनसाठी फार जास्त ठरेल, कारण त्याची मात्रा ३.६ मिलिग्रॅम असते. म्हणून सुई लावण्याआधी बाटलीवरचे पूर्ण नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख नर्सकडून मोठ्याने वाचून घ्यावी. नर्स यावर रागावत नाहीत. त्यांनाही ही पडताळणी हवीच असते.

औषध बाहेरून विकत आणायचे असेल तर ते दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवे. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून आणावे. बर्फाला थेट चिकटू देऊ नये, गोठू देऊ नये, हलवू नये. कित्येकींना एका वेळी ४४० मिलिग्रॅमची अख्खी बाटली लागत नाही. साठ किलोच्या बाईला ३६० पुरतात. सोबत मिळणाऱ्या परिरक्षकयुक्त द्रावात औषध विरघळवले असेल तर उरलेला भाग थंड जागी २८ दिवस टिकतो. पण तो रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये, नाव आणि तारीख लिहून ठेवलेला बरा. भारनियमनाच्या गावात घरच्या फ्रीजच्या दारात भाजीशेजारी ठेवलेल्या बाटलीवर कोणी भरवसा ठेवू नये. औषध नेहमी पक्क्या बिलावर, बॅच क्रमांकासह घ्यावे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत बनावट द्रव भरून विकणारी टोळी पकडली. तेव्हा बाटली संपली की तिच्यावरचे लेबल तुमच्यासमोर खरवडून किंवा फाडून टाकायला सांगा.

या औषधाचा सर्वांत जपण्याजोगा परिणाम हृदयावर होतो. हृदयाच्या स्नायूंनाही हर-टूची गरज असते, त्यामुळे काही जणींमध्ये हृदयाची पंप करण्याची ताकद घटते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना हे औषध आणि रुग्ण ज्याला ‘लाल केमो’ म्हणतात ते औषध एकाच वेळी दिले गेले, त्यांच्यात २७ टक्के रुग्णांना हृदयाचा त्रास झाला. म्हणून आता ही दोन्ही औषधे सहसा एकाच वेळी देत नाहीत, आधी लाल केमो संपवतात. सुरू करण्यापूर्वी टू-डी इको आणि मग दर तीन महिन्यांनी पुन्हा इको, हा नेम त्यासाठी आहे. इकोची तारीख इंजेक्शनाच्या तारखेइतकीच पाळावी. ताकद कमी झालेली दिसली तर औषध काही आठवडे थांबवतात, हृदयाच्या गोळ्या देतात, आणि बहुतेकींचे हृदय पुन्हा सावरते. पण दोन इकोंमधल्या तीन महिन्यांत पहारा तुमचा असतो. नेहमीचा जिना चढताना दम लागणे, रात्री एकाऐवजी दोन उशा लागणे, संध्याकाळी घोटे सुजणे, दोन-तीन दिवसांत वजन वाढणे, छातीत धडधडणे, यांतले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ‘थकवा असेल, केमो झालीये ना’ असे म्हणून घरातली बाई अशा गोष्टी गिळून टाकते. तिच्याबरोबरच्या माणसांना माझे सांगणे आहे की तिला रोज विचारा.

केमो चालू असताना १००.४ अंशांच्या वर ताप गेला तर घरी गोळी घेऊन तो दाबू नये, सरळ रुग्णालय गाठावे. मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांनी औषध चालू असताना आणि शेवटच्या इंजेक्शनानंतर सात महिने गर्भधारणा टाळावी. या औषधाने गर्भाशयातले पाणी कमी होऊन बाळाला गंभीर धोका होतो. हे बोलायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे. काढे, भस्मे, गव्हांकुराचा रस असे काही घेत असाल तर तेही सांगावे. तारीख चुकली तर लगेच फोन करावा. एक आठवड्याच्या आत आलात तर नेहमीचीच मात्रा मिळते, त्याहून उशीर झाला तर पहिल्यासारखी मोठी मात्रा पुन्हा द्यावी लागते. लग्न, पेरणी, दहावीची परीक्षा, गणपती, या सगळ्यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांसमोर मांडाव्यात. एक-दोन दिवस मागेपुढे करणे बहुधा जमते.

नंदुरबार किंवा गडचिरोलीहून अठरा वेळा मुंबईला येणे कोणत्याही घराला झेपणारे नाही. १९४१ पासून परळमध्ये उभे असलेले टाटा मेमोरियल हे या राज्यातल्या असंख्य रुग्णांचे पहिले ठिकाण असते, आणि तसे असणे योग्यच आहे. पण निदान आणि उपचाराचा बेत तिथे ठरल्यावर केमो संपलेल्या रुग्णाला उरलेली इंजेक्शने घराजवळच्या केंद्रात घेता येतात का, हे जरूर विचारावे. २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरातली अनेक केंद्रे एकमेकांशी जोडली आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. ती आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष सुरू व्हावीत, हा आग्रह आपण सगळ्यांनी धरायला हवा.

हे पुस्तक डॉक्टरांची जागा घेत नाही. इथले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या वयाचे, हृदयाचे, रोगाच्या टप्प्याचे उत्तर तुमच्या डॉक्टरांकडेच मिळेल. नव्याने निदान झालेल्यांनी पहिले प्रकरण आणि इंजेक्शनाच्या दिवसाचे प्रकरण आधी वाचावे, बाकीचे सवडीने. ज्यांचे वाचणे फारसे होत नाही त्यांना घरातल्या कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवावे. माझी ही विनंती घरातल्या मुलांनाही आहे.

ज्या नर्सनी मसुदा वाचून ‘हे असे कोणाला कळणार नाही’ असे स्पष्ट सांगितले, आणि ज्या रुग्णांनी स्वतःच्या वर्षातल्या अडचणी विश्वासाने मांडल्या, त्यांचे ऋण या पुस्तकावर आहे. त्यांची नावे लिहिलेली नाहीत, पण प्रकरणे त्यांच्याच प्रश्नांवर बेतली आहेत. शेवटी काही पाने कोरी सोडली आहेत. पहिल्या तारखेला निघण्यापूर्वी त्यांवर तुमचे प्रश्न लिहा, आणि सगळे विचारून झाल्याशिवाय डॉक्टरांच्या केबिनमधून उठू नका. उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. स्वतःच्या अंगात जाणाऱ्या औषधाबद्दल समजून घेणे हा तुमचा हक्क आहे, आणि ती समज जितकी पक्की, तितके तुमचे वर्ष सुरक्षित.